विळ्याच्या चोचीचा हमिंगबर्ड

हमिंगबर्ड म्हटलं की फुलासमोर हवेत थरथरत थांबलेला, झगमगीत रंगांचा पक्षी डोळ्यांसमोर येतो. (आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. त्यालाच हमिंगबर्ड म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण खरे हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत.) कोस्टा रिकापासून उत्तर पेरूपर्यंतच्या ओल्या, दाट जंगलांत राहणाऱ्या 'व्हाइट-टिप्ड सिकलबिल'ला ना तो झगमगाट, ना हवेत तरंगण्याची फारशी हौस.

वजन जेमतेम १० ग्रॅमच्या आसपास. पाठ मळकट हिरवी, छातीपोटावर गडद-पांढऱ्या उभ्या रेघा, शेपटीच्या पिसांची टोकं पांढरी. जंगलातल्या अंधाऱ्या झुडपांत तो चटकन दिसायचाही नाही. पण चोच पाहिली की नजर हटत नाही. ती खाली अशी वळलेली, की जवळजवळ काटकोन व्हावा. हुबेहूब विळा!

एवढ्या वाकड्या चोचीचं करायचं काय? उत्तर फुलात आहे. हेलिकोनिया ही केळी-कर्दळीच्या गोतातली. केळफुलासारख्या रंगीत आवरणांच्या आत तिची खरी फुलं दडलेली असतात, आणि या पक्ष्याच्या आवडत्या जातींत ती बाकदार असतात. सेंट्रोपोगॉन या जंगली वनस्पतीच्या काही जातींची फुलं तर नळीपासूनच वाकलेली. सरळ चोच तिथे वाकणार कशी? सिकलबिल मात्र दणकट पायांनी फुलोऱ्याला लटकतो, मान तिरकी करतो आणि चोच म्यानात तलवार सरकावी तशी आत घालतो. मध पिताना परागांची धूळ त्याला चिकटते आणि पुढच्या फुलापर्यंत पोचते. वाकड्या नळीच्या त्या सेंट्रोपोगॉनचं परागण तर सिकलबिलांच्याच भरवशावर चालतं.

फुलं जंगलात विखुरलेली, म्हणून एका झुडपावर मालकी सांगत भांडत बसणं त्याला परवडत नाही. तो ठरलेल्या फेरीने फुलामागून फूल गाठत जातो, दूधवाल्याने घरोघर रतीब घालावा तसा. फरक एवढाच, की इथे दूध दाराशीच प्यायचं. नुसत्या मधावर प्रथिनं मिळत नाहीत, म्हणून खोडापानांवरचे कोळी आणि किडेही तो टिपतो.

घरटं लोंबत्या पानाच्या टोकाला, खालच्या बाजूने विणलेलं असतं. वर पाऊस कोसळत असला तरी पानाचंच छप्पर. आत दोन अंडी, आणि ती उबवण्यापासून पिलांना भरवण्यापर्यंतचा सगळा व्याप एकट्या मादीचा.