चप्पल पुढूनच झिजते का?

आमच्या केंद्रात नवीन माणूस आला की आम्ही आधी त्याची चप्पल उलटी करून पाहतो. टाचेचं रबर शाबूत आणि अंगठ्याखालचा भाग कागदासारखा पातळ, असं दिसलं की पाऊल जमिनीला घासतंय हे कळतं. आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया, म्हणजे पाय हळूहळू ताठर आणि कमजोर करणारा घराण्यातून येणारा आजार, असलेल्या कित्येकांची तक्रार अशीच सुरू होते. दादरच्या पुलावर पायरीला पाय अडकतो, सपाट फुटपाथवरही ठेच लागते.

बिघाड मुळात स्नायूत नसतो. मेंदूचा निरोप पाठीच्या कण्यातून पायांकडे नेणारे सर्वांत लांब तंतू हळूहळू झिजतात. मग स्नायूंवरचा लगाम सुटतो आणि ताणले गेले की ते उलटे आखडतात. जितके झटकन ताणले जातील तितके जास्त आखडतात. म्हणूनच लोकल पकडायची घाई केली की पाय हमखास दगा देतात. गुडघा पुरता वाकत नाही, टाच टेकत नाही, मांड्या आत ओढल्या जाऊन पाय कैचीसारखे एकमेकांवर येतात. मग कंबर उचलून, धड डोलवून पाय पुढे टाकावा लागतो. दोन स्टेशनांच्या प्रवासात माणूस थकतो तो यामुळे. त्याला आळशी म्हणू नका.

घरच्यांना कळकळीची विनंती: रगडून मालिश नको, पाय हिसकून ओढणं तर नकोच. पोटरी सावकाश ताणा आणि अर्धा मिनिट तशीच धरा.

ताठरपणा सगळाच घालवायचा नसतो. ताकद कमी झालेल्या पायाला उभं राहायला तोच टेकू देतो. बॅक्लोफेन या ताठरपणा कमी करणाऱ्या गोळीचा डोस जास्त झाला तर पाय मऊ होतात, पण गुडघे लटपटतात. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. गोळी मनाने एकदम बंद करू नका, आकडी येऊ शकते.

कडकपणा अचानक वाढला तर आधी साधी कारणं शोधा: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, रुतलेलं नख, घट्ट बूट. ते दूर झालं की पाय बरेचदा पूर्ववत होतात.

पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट आम्ही मापाने बनवतो. पोटरी फार आखडलेली असेल तर आधी ती सैल करून घेतो, नाहीतर स्प्लिंट टाचेला घासून त्वचा सोलते. त्यासाठी थांबावं लागलं तरी चालेल.

भेटीला येताना नवी चप्पल घेऊ नका. रोजची, झिजलेलीच घालून या.