पन्नास जनुकांचं मतदान

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, दोन रुग्णांच्या अस्थिमज्जेच्या स्लाइड शेजारी शेजारी ठेवल्या, तर नवख्याला दोन्हींत एकच दृश्य दिसतं: जांभळ्या रंगाच्या, मोठ्या केंद्रकाच्या, दाटीवाटीनं बसलेल्या गोल पेशी. पण एकाला एएलएल (अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) असेल आणि दुसऱ्याला एएमएल (अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया), तर औषधांची यादीच बदलते. पहिल्याला स्टेरॉइड, व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट. दुसऱ्याला मुख्यतः डॉनोरुबिसिन आणि सायटाराबिन. गल्लत झाली, तर गुण कमी आणि त्रास मात्र पुरेपूर.

मुरलेले पॅथॉलॉजिस्ट हा फरक ओळखतातच. पेशीचं रूप, तिच्यावरची प्रथिनं, गुणसूत्रं असे बरेच पुरावे जुळवून. १९९९ साली अमेरिकेत टॉड गोलुब, एरिक लँडर आणि सहकाऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: स्लाइड न बघता, नुसती जनुकं किती जागी आहेत एवढं मोजून हे ओळखता येईल का?

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. फरक पडतो तो कोणतं जनुक कामाला लागलंय आणि कोणतं गप्प आहे यावर. काम करणारं जनुक आरएनएच्या प्रती काढतं. पेशींतला आरएनए वेगळा करायचा, त्यापासून तयार केलेल्या प्रतींना चमकणारी खूण लावायची आणि त्या एका छोट्या चिपवर सोडायच्या. चिपवर ठरावीक जागी ठरावीक जनुकाशी जुळणारे डीएनएचे तुकडे चिकटवलेले असतात. जो ठिपका जास्त उजळतो, त्याचं जनुक जास्त कामात. गोलुब यांच्या चिपवर ६,८१७ जनुकं होती आणि हाताशी होते ३८ नमुने: २७ एएलएलचे, ११ एएमएलचे.

एवढ्या आकड्यांतून त्यांनी दोन्ही आजारांत ठळक फरक दाखवणारी ५० जनुकं निवडली आणि चक्क मतदान घेतलं. नवा नमुना आला की प्रत्येक जनुक आपल्या बाजूला मत देणार. ज्याचा फरक ठळक, त्याच्या मताला वजन जास्त. मताधिक्य पुरेसं नसेल तर निकाल ‘अनिश्चित’. मला या पद्धतीतला हा नियम सगळ्यात आवडतो. ३४ नव्या नमुन्यांपैकी २९ बाबतींत निकाल ठाम लागला आणि ते २९ही बरोबर निघाले. उरलेल्या पाचांवर गप्प बसण्याचा शहाणपणा त्यात होता.

मग त्यांनी त्याच पहिल्या ३८ नमुन्यांच्या गटांची नावं लपवून संगणकाला फक्त ‘दोन ढीग कर’ म्हटलं. एका ढिगात २५ नमुने आले, त्यांतले २४ एएलएलचे. दुसऱ्यात १३, त्यांतले १० एएमएलचे. म्हणजे चार नमुने चुकीच्या ढिगात. पण डॉक्टरांना हा फरक उलगडायला कित्येक दशकं लागली होती, हे ध्यानात घेतलं तर चार काहीच नाहीत.

सगळंच जमलं असं मात्र नाही. एएमएलचा कोणता रुग्ण उपचारांना दाद देईल, हे पुढची माहिती हाती असलेल्या १५ रुग्णांच्या आकड्यांतून खात्रीनं सांगता आलं नाही. एचओएक्सए९ हे एकच जनुक उपचार फसण्याशी ठळकपणे जोडलेलं दिसलं.

आणि एक रुग्ण वेगळाच निघाला. लक्षणं ल्युकेमियाची, पण पेशींचं रूप जरा विचित्र. मतदानात ना एएलएलला बहुमत, ना एएमएलला. मग चिपवर नेमकी कोणती जनुकं उजळलीत ते पाहिलं, तर ती स्नायूंची! रक्ताच्या पेशीत स्नायूंची जनुकं कशाला जागी असतील? गुणसूत्रं तपासली तेव्हा दुसऱ्या आणि तेराव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल सापडली. ही रॅब्डोमायोसारकोमाच्या एका प्रकाराची, म्हणजे स्नायूसारख्या पेशींच्या कर्करोगाची, ओळखीची खूण. आजार रक्ताचा नव्हताच. रुग्णाचं निदान बदललं आणि त्याबरोबर औषधंही.