वाऱ्याने भरलेला साचा

गेल्या आठवड्यात एकच व्हिडिओ तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्यापर्यंत आला. कुणीतरी सॅनिटरी पॅड कात्रीने उभं कापतं, आतला पांढरा भुसभुशीत गाभा बोटांनी पिंजून दाखवतं आणि मोठं बिंग फोडल्याच्या सुरात सांगतं, "बघा, हा कापूस नाहीच!" मग आतल्या, ओल शोषणाऱ्या जेलची भीती घालतं. खाली घाबरलेल्यांची आणि "शेअर करा" म्हणणाऱ्यांची झुंबड.

कापूस नाही, हे खरंच आहे. पण त्यात बिंग फुटण्यासारखं काही नाही. पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला कापूस कमी पडू लागला, तेव्हा लाकडाच्या लगद्यापासून केलेलं 'सेल्युकॉटन' वापरात आलं. युद्धातल्या परिचारिकांनी ते पाळीच्या वेळी वापरून पाहिलं आणि 1920 साली 'कोटेक्स' नावाचं पॅड बाजारात आलं. लाकूड तेव्हापासूनचं आहे. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी स्वस्त पॅड बनवण्याचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांनीही सुरुवात कापसानेच केली आणि पदरी अपयश घेतलं. कंपन्या वापरतात तो पदार्थ लाकडाचा सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा मूळ पदार्थ, आहे, हे उमगायलाच त्यांना दोनेक वर्षं लागली.

मग लाकूडच का? रसायनाच्या दृष्टीने कापूस आणि लाकडाचा धुतलेला लगदा दोन्ही सेल्युलोजच, आणि पाण्याची ओढ दोघांनाही. फरक लांबीचा आहे. कापसाचा तंतू साधारण 25 ते 30 मिलिमीटर असतो, पाइनसारख्या सूचिपर्णी झाडाचा जेमतेम 3 मिलिमीटर. लांब तंतू एकमेकांत गुंततात, म्हणूनच तर त्यांचं सूत निघतं. आखूड तंतू मात्र सुटा होऊन हवेत तरंगू शकतो. पुढची सगळी गंमत या तरंगण्यात आहे.

कारखान्यात लगदा येतो तो जाड टीपकागदासारख्या पत्र्याच्या भल्यामोठ्या गुंडाळ्या होऊन. हा पत्रा हॅमर मिलमध्ये जातो. आत वेगाने फिरणारे असंख्य छोटे हातोडे त्याची कड झोडपत राहतात आणि पलीकडून कापसासारखा भुगा बाहेर पडतो. कागदात तंतूंना धरून ठेवणारा गोंद नसतो, असतात ते हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंमधली हलकी ओढ. एकेकटे नाजूक, पण संख्येने अगणित. हातोड्यांना हे बंध तोडायचे असतात, पण तंतू तोडायचे नसतात. मार जास्त झाला तर तंतूंची पूड होते, कमी झाला तर न सुटलेल्या गाठी राहतात. शिवाय हवा फार कोरडी असली की तंतूंवर स्थिर विद्युत साठते आणि ते एकमेकांना किंवा यंत्राच्या भिंतींना चिकटून बसतात. त्यामुळे अशा ठिकाणी हवेतल्या ओलाव्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो भाग.

उदाहरण डायपरचं घेऊ, कारण त्याचा गाभाही अशाच भुग्याचा असतो आणि बहुधा डमरूच्या आकाराचा. मध्ये, दोन पायांच्या फटीत, अरुंद आणि टोकांना रुंद. शिवाय जिथे ओल जास्त येणार तिथे जाड. हा आकार आयताकृती गादीतून कात्रीने कापला तर कडेचा माल फुकट जातो आणि जाडी तरीही सगळीकडे सारखीच राहते. (अगदी पातळ पॅडांचे गाभे तयार गुंडाळीतून कापतातही, पण ती वेगळी पद्धत.) म्हणून आकार कापत नाहीत, तो हवेकडून भरून घेतात.

एक मोठा पोकळ ड्रम डोळ्यांसमोर आणा. त्याच्या परिघावर ओळीने डमरूच्या आकाराचे खळगे आहेत आणि प्रत्येक खळग्याचा तळ बारीक जाळीचा आहे. ड्रमच्या आतून पंखे हवा ओढत असतात. ड्रम फिरत फिरत एका बंद कोठीत शिरतो, जिथे हॅमर मिलमधून आलेले तंतू हवेत भिरभिरत असतात. हवा जाळीतून पार होते, तंतू जाळीवर अडतात. मिनिटाला 600 नग काढणारं यंत्र धरलं, तर सेकंदाला दहा खळगे भरून झाले पाहिजेत. एकेका खळग्याला कोठीत सेकंदभराचाही वेळ मिळणं कठीण.

एवढ्या घाईत थर एकसारखा कसा बसतो? कुठे ढीग, कुठे भोक असं का होत नाही?

कारण थर स्वतःच स्वतःची चूक दुरुस्त करतो. समजा एका जागी चुकून तंतू कमी पडले. तिथे हवेला अडथळा कमी, म्हणून तिथून जास्त हवा जाते. जास्त हवा म्हणजे तिच्याबरोबर आलेले जास्त तंतू. उणीव भरून निघते. शेजारी ढीग झाला असेल तर तिथली हवा मंदावते आणि नवे तंतू तिकडे फिरकेनासे होतात. तिकीट खिडक्यांवर जिथली रांग आखूड तिकडे माणसं वळतात आणि थोड्या वेळाने सगळ्या रांगा सारख्या होतात, तसंच. या हिशेबाच्या मुळाशी असलेला नियम 1856 साली फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करताना आंरी दार्सी या अभियंत्याने मांडला. वाळूच्या थरातून जाणारा प्रवाह दाबाच्या फरकाच्या सम प्रमाणात आणि थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाण्याच्या जागी हवा आणि वाळूच्या जागी तंतू ठेवा, हिशेब साधारण तोच राहतो.

पण हाच गुण पुढे आडवा येतो. आपल्याला सारखी जाडी नकोच आहे, मध्ये जास्त हवी आहे. म्हणून मधला खळगा खोल केला. तो भरू लागला की तिथला थर जाड होतो, हवा तिकडून काढता पाय घेते आणि उथळ कडांकडे धावते. हवेला समानता हवी, आपल्याला विषमता. यावर दोन उपाय आहेत. एक, उथळ भागाखालच्या जाळीची काही भोकं बुजवायची, म्हणजे तिथली ओढ मुद्दाम कमी होते. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. धान्य मोजताना माप शिगोशीग भरून वरून हात फिरवतात ना, तसाच खळगा गरजेपेक्षा जास्त भरायचा आणि वर आलेली शीग एका फिरत्या ब्रशने उतरवायची. मग जाडी ठरवतो तो खळग्याचा तळ, हवा नाही. उतरवलेले तंतू वाया जात नाहीत. हवेच्या झोताबरोबर ते पुन्हा कोठीत जातात आणि पुढच्या एखाद्या खळग्यात बसतात.

भरलेला खळगा खाली आला की त्या जागची ओढ थांबवतात, आतून हवेची हलकी फुंकर देतात आणि गाभा अलगद पट्ट्यावर उतरतो. या क्षणी तो इतका नाजूक असतो की जोराचा श्वासही त्याला विस्कटेल. म्हणून लगेच रुळांखाली दाबतात.

दाबण्यामागे एक हिशेब आहे, आणि इथे थोडं गणित येतं. सेल्युलोजची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 1.5 ग्रॅम. दाबलेल्या गाभ्याची 0.1 ग्रॅम धरली, तर त्यात सुमारे 93 टक्के नुसती रिकामी जागा असते. पाणी राहतं ते मुख्यतः या फटींमध्ये, आणि त्यांत ते ओढलं जातं केशाकर्षणाने. फट जितकी बारीक तितकी ओढ जास्त. एक मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचनळीत पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं, 0.1 मिलिमीटरच्या नळीत पंधरा. मग गाभा दाबून दाबून घट्टच का करू नये? कारण बारीक फटीत पाणी दूरवर जातं, पण सावकाश जातं. रुंद फटीत झटकन शिरतं, पण लांब पोचत नाही. आडव्या फटीत कापलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दुप्पट अंतराला चौपट वेळ. त्यामुळे वरचा थर मोकळा ठेवतात, घोट पटकन घेण्यासाठी, आणि खालचा घट्ट, तो घोट वरून ओढून घेण्यासाठी. पाणी रुंद फटीतून बारीक फटीत आपोआप जातं, उलट येत नाही. पॅडवर दाबून उमटवलेल्या रेघा नक्षी वाटतात खऱ्या, पण तिथला माल जास्त दबलेला असतो आणि त्या रेघांच्या बाजूने ओल लांबवर पसरते.

जेलबद्दल थोडक्यात, कारण व्हिडिओत त्याचीच भीती जास्त घातलेली आहे. ते म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे बारीक दाणे. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात, म्हणून ते विरघळत नाही, फक्त फुगतं. शुद्ध पाणी वजनाच्या शेकडो पट घेतं, पण खारं पाणी साधारण तीस ते पन्नास पटच. दाणे कोठीतच तंतूंबरोबर उधळतात, तेही थांबून थांबून, म्हणजे बहुतेक दाणे नेमके जाड भागात पडतात. दाणे फार गर्दीने पडले तर फुगून एकमेकांना चिकटतात आणि मागून येणाऱ्या ओलीची वाटच अडवतात. तंतूंचं एक काम म्हणजे या दाण्यांना एकमेकांपासून दूर ठेवणं. ज्यांना यापेक्षा मोठी फसवणूक शोधायची आहे, त्यांनी 'ऋण आयन' (ऋण विद्युतभार असलेले कण) सोडून दुखणी बरी करण्याचा दावा करणाऱ्या पॅडमधल्या रंगीत पट्टीकडे बघावं. ती पट्टी एकही आजार बरा करत असल्याचा पुरावा नाही.

हे लिहायच्या आधी मीही कात्री घेतली. लहान मुलाचं एक डायपर उघडलं, गाभ्याभोवतीचा पातळ कागद सोडवला आणि गाभा टेबललॅम्पसमोर धरला. पुढच्या बाजूला, मधोमध, प्रकाश अडवणारा गडद पट्टा होता, टोकांकडे तो फिका होत गेला. थोडा भुगा पाण्यात भिजवल्यावर दाणे फुगून काचेसारखे झाले. वर चिमूटभर मीठ टाकलं, तर जेल काही मिनिटांतच सैल पडून पाणी सोडू लागलं. मग भिंग घेऊन डमरूची कड पाहिली. तिथे तंतूंची टोकं वेडीवाकडी, मऊ लव असल्यासारखी बाहेर आली होती. पात्याने कापल्याची सरळ रेघ कुठे सापडली नाही.