जुन्या जीपचे नवे इंजिन आणि तापमानाचा काटा

जुन्या जीपमध्ये नवे कॉमन रेल (संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारे) डिझेल इंजिन बसवायचे ठरले, तर माउंटिंग आणि गिअरबॉक्सची जुळणी ही कामे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कसबी कारागिराला जड जात नाहीत. (१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाची परवानगी मात्र आधी घ्यावी.) काम अडते ते डॅशबोर्डवर, कारण बाजारातून आणलेले मीटर नव्या इंजिनाची भाषा जाणत नाहीत.

तापमानाच्या काट्याला तापमान थेट कळत नाही. इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या सेन्सरचा विद्युत रोध पाणी तापेल तसा कमी होतो, वाढलेला प्रवाह मीटरमधून जातो आणि काटा सरकतो. कोणत्या रोधाला किती अंश हे मीटर बनवतानाच ठरलेले असल्याने मीटर आणि त्याचा सेन्सर यांची जोडी फोडता येत नाही.

इंजिनावर सेन्सर आहेच, मग त्याच्याच तारेला मीटर जोडावा, हा मोह येथे घातक ठरतो. ती तार ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची असते. समजा, ईसीयू आपल्या ५ व्होल्टमधून १००० ओहमच्या रोधकामार्फत सेन्सर वाचतो आणि ८० अंशांला सेन्सरचा रोध ३२० ओहम आहे. तर तारेवर सुमारे १.२ व्होल्ट दिसतात. त्याच तारेला १२ व्होल्टवर चालणारा, १०० ओहमच्या वेटोळ्याचा मीटर जोडला, की गणिताने तेथे ८ व्होल्टहून अधिक येतात. ईसीयूच्या दृष्टीने हा आकडा अशक्य असतो. तो सेन्सर बिघडल्याची नोंद करून अंदाजाने इंजिन चालवू लागतो, आणि त्याचे आतले सर्किट जळण्याचीही भीती असते.

म्हणून मीटरचा स्वतःचा सेन्सर वेगळा बसवावा, असे माझे ठाम मत आहे. इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे मुख्य ओतीव अंगावर, जागा नसेल तर रेडिएटरच्या होस पाइपमध्ये लेथवर कातलेला धातूचा तुकडा घालून त्यात तो बसवता येतो. मात्र एकतारी सेन्सरचा परतीचा मार्ग त्याच्या धातूच्या अंगातूनच जातो आणि दोन्ही बाजूंना रबर असल्याने हा तुकडा इंजिनापासून विद्युतदृष्ट्या तुटलेला असतो. त्याला अर्थिंगची वेगळी तार दिली नाही, तर आंबा घाटाच्या चढावर पाणी उकळत असतानाही काटा थंडच दाखवत राहील. सेन्सरच्या आट्यांवर गळती रोखणारी टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळल्यानेही हेच घडू शकते.

इंजिनाचे फेरे मोजणारा जुना मीटर ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलचे ठोके मोजतो; डिझेलला ठिणगीच नसते, म्हणून तेथे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या, फेऱ्यांनुसार ठोके देणाऱ्या 'डब्ल्यू' टोकावरून ठोके घ्यावे लागतात आणि पुलीच्या प्रमाणानुसार मीटर जुळवावा लागतो.

तारांना हात न लावता ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे ईसीयूची माहिती वाचण्यासाठी दिलेल्या जोडणीतून, माहिती घेणारे मीटरही मिळतात. त्यात तापमान एका संख्येच्या रूपात येते, आणि तीतून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. १३० आले तर ९० अंश.

सेन्सर बसवण्याआधी तो उकळत्या पाण्यात, भांड्याच्या तळाला न टेकवता लोंबकळत ठेवावा आणि त्याच्या अंगाला अर्थिंग देऊन मीटर पाहावा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असल्याने येथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. काटा शंभराच्या किंचित अलीकडे थांबला, तर जोडी बरोबर जुळली आहे.