संचालकाचा राजीनामा आणि ‘वैयक्तिक कारण’

नाशिक जिल्ह्यात संचालकाने राजीनामा दिला म्हटलं की बाजार समिती, पतसंस्था नाहीतर साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. तिथे राजीनामा म्हणजे अध्यक्षाला खाली खेचायचा डाव, आणि त्याची चर्चा गावभर. शेअर बाजारातल्या कंपनीचा स्वतंत्र संचालक, म्हणजे मालकांशी हितसंबंध नसलेला बाहेरचा संचालक, मात्र गुपचूप जातो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून निवृत्त होऊन पीएफचे पैसे शेअरमध्ये घातलेल्या माणसाला ते कळतं भाव पडल्यावर.

१९५६च्या कंपनी कायद्यात संचालकाच्या राजीनाम्याची सरळ तरतूदच नव्हती. डिसेंबर २००८मध्ये हैदराबादच्या एका मोठ्या संगणक कंपनीचे स्वतंत्र संचालक एकामागून एक बाहेर पडले आणि ७ जानेवारी २००९ला अध्यक्षांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली. २०१३च्या कायद्यात कलम १६८ आलं. संचालकाने कारणांसह राजीनाम्याची प्रत स्वतः सरकारच्या कंपनी निबंधकाकडे पाठवायची, अशी सक्ती झाली. मे २०१८पासून ती ऐच्छिक केली. माझ्या मते ही चूक होती. कंपनीशी बिनसलेल्या माणसाचं म्हणणं कंपनीला वगळून नोंदवणारी वाट त्यामुळे अरुंद झाली.

घोळ आहे तो ‘वैयक्तिक कारणास्तव’ या शब्दांचा. आजारपण, मतभेद, हिशेबाबद्दलची शंका, सगळं त्यात मावतं. म्हणून २०१८च्या दुरुस्तीत बाजार नियामक सेबीने राजीनामा देणाऱ्या स्वतंत्र संचालकाकडून एक वाक्य मागितलं: दिलेल्या कारणांखेरीज दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही. तेही लवकरच छापील मजकुरासारखं होऊन बसलं. १ जानेवारी २०२२पासून कंपनीला राजीनाम्याचं मूळ पत्रच सात दिवसांत जाहीर करावं लागतं, शिवाय तो संचालक शेअर बाजारात नोंदलेल्या आणखी कोणत्या कंपन्यांवर आहे, त्याची यादीही. २०२३मध्ये पत्राचा नियम इतर संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही लागू झाला.

मला ही यादी पत्राहून मोलाची वाटते. नाशिकरोडच्या एका निवृत्त शेजाऱ्यांनी मला मोबाइलवर असं एक पत्र दाखवलं. मजकूर चार ओळींचा, कारण ‘इतर कामांचा व्याप’. खालच्या यादीत आणखी पाच कंपन्या, त्यातल्या दोघींच्या हिशेब तपासणाऱ्या लेखापरीक्षण समित्यांवर नाव. सोडली होती ती एकच कंपनी, तीही तिमाही निकालाच्या तोंडावर. काकांनी निकालाची तारीख वहीत लिहून घेतली आणि तोवर नवे शेअर घ्यायचे थांबवले.

३१ मार्च २०२४च्या सुमारास गेलेल्या अनेकांची गोष्ट मात्र वेगळी. स्वतंत्र संचालकाला सलग दहा वर्षांपर्यंतच राहता येतं, आणि एप्रिल २०१४पासून मोजलेली त्यांची ती वर्षं भरली होती. कंपन्यांनी शेअर बाजाराला दिलेल्या त्या सूचनांमध्ये ‘राजीनामा’ नव्हे, ‘कार्यकाळ समाप्ती’ असं लिहिलेलं आहे.