शिळा पाव वाळलेला नसतो

डिसेंबरातली गोष्ट. बेकरीतून आणलेली लादी स्टीलच्या डब्यात ठेवली आणि चार माणसांच्या घरात जे नेहमी होतं तेच झालं. प्रत्येकाला वाटलं, उरलेली दुसऱ्यानं संपवली असेल. तिसऱ्या दिवशी डबा उघडला. बुरशी नव्हती, वासही बरा होता, पण बोटानं दाबलं तर पाव दबेना आणि तोडला तर भुगा पडला. घरात एकमतानं निकाल लागला : वाळला. माझं मात्र लक्ष झाकणाकडे. ते इतकं घट्ट बसलं होतं की काढताना चमचा लावावा लागला होता. मग आतलं पाणी गेलं कुठून?

हीच शंका घेऊन झाँ-बातिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८५२ साली प्रयोग केले. शेतीच्या रसायनशास्त्रातला हा मोठा माणूस. त्यानं पाव हवाबंद ठेवला, म्हणजे पाणी उडून जायची वाटच बंद केली. पाव तरीही शिळा झाला. पुढे त्यानं तोच शिळा पाव सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, तर तो पुन्हा मऊ झाला. वरून पाण्याचा थेंबही घातलेला नव्हता. म्हणजे पाणी पावातच होतं, फक्त जिभेला आणि बोटाला लागत नव्हतं.

असं का होतं हे समजायला स्टार्चकडे वळावं लागतं. गव्हाच्या पिठातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. त्यांतल्या काही सरळ, त्यांना अमायलोज म्हणतात. बाकीच्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, त्या अमायलोपेक्टिनच्या. कच्च्या पिठाच्या कणांत या साखळ्या बऱ्याच शिस्तीत रचलेल्या असतात. कणीक भट्टीत जाते, तापमान ६० अंशांच्या पुढे सरकतं, पाणी कणांत शिरतं आणि ती शिस्त मोडते. कण फुगतात, लिबलिबीत होतात. ताज्या पावाचा मऊपणा तो हाच.

पाव निवायला लागला की साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ सरकून जोड्या जमवतात. सरळ अमायलोजला त्यासाठी काही तास पुरतात. भट्टीतून नुकताच काढलेला पाव सुरीखाली चुरगळतो आणि निवल्यावर नीट कापला जातो, ते त्यामुळेच. फांद्यांच्या अमायलोपेक्टिनला मात्र दिवस लागतात. हळूहळू त्याचे बारीक स्फटिक तयार होतात, पाण्याचे काही रेणू त्यांत अडकतात आणि पाव ताठर होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योहान काट्झ या डच संशोधकानं शिळ्या पावावर क्ष-किरण टाकून ही परतलेली स्फटिकरचना दाखवली. याशिवाय मधल्या मऊ भागातलं थोडं पाणी कडेच्या कवचाकडे सरकतं. म्हणून आतून भुसभुशीत झालेल्या पावाचं कवच उलट चिवट, चामड्यासारखं होतं.

आता आपल्या स्वयंपाकघरातली एक लाडकी चूक. उरलेला पाव ‘टिकावा’ म्हणून आपण फ्रिजमध्ये टाकतो. बुरशी तिथं खरंच लांबते, पण स्फटिक जमण्याचा वेग गोठणबिंदूच्या थोडा वर सगळ्यांत जास्त असतो, आणि आपला फ्रिज नेमका त्याच तापमानाला चालतो. ओट्यावरच्या पावापेक्षा फ्रिजमधला पाव लवकर शिळा होतो. ठेवायचाच तर वरच्या फ्रीझरमध्ये, नीट गुंडाळून. तिथं रेणूंना हलायलाच जागा उरत नाही. फ्रिजमधला कालचा भात मोकळा, दाणेदार आणि कडक लागतो, तोही याच स्टार्चमुळे. फोडणीच्या भाताला ताजा भात घेतला की गिचका होतो आणि शिळा घेतला की शीत न् शीत सुटं राहतं, हे आपल्या घरांत कुणालाही सांगावं लागत नाही.

पाश्चात्त्य घरांमध्ये हाच अनुभव पुडिंगमध्ये उतरला. दूध-अंड्यात भिजवून भाजलेलं ब्रेड-बटर पुडिंग इंग्लंडमध्ये निदान अठराव्या शतकापासून होतंय. अमेरिकेत पावाचा चुरा आणि सफरचंद यांचे थर रचून ‘ब्राउन बेट्टी’ भाजतात, मेक्सिकोत ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत पाव, गुळाचा पाक आणि मनुका यांची ‘कापिरोताडा’ असते, आणि आपल्या शेजारी हैदराबादेत ‘डबल का मीठा’. सगळीकडे पाव आदल्या दिवसाचा. लोक याला काटकसर म्हणतात. काटकसर आहेच. पण मला वाटतं, शिळा पाव या पदार्थांत नाइलाजानं आलेला नाही. ताज्या पावाला ते काम जमतच नाही.

ताज्या स्लाइसवर दूध ओता. तिच्या भोकांच्या भिंती मऊ असतात, त्या लगेच बसतात आणि पाच मिनिटांत लगदा होतो. शिळ्या पावाच्या भिंती स्फटिकांमुळे ताठ झालेल्या असतात. दूध भोकाभोकांतून आत ओढलं जातं, तरी सांगाडा उभा राहतो. मग भांडं ओव्हनमध्ये जातं, आतलं तापमान ६० अंश ओलांडतं आणि अमायलोपेक्टिनचे ते स्फटिक वितळतात. भिजेपर्यंत ज्या ताठरपणानं पावाला सावरलं, तो भाजताना निघून जातो. अमायलोजच्या जोड्या त्याहून हट्टी असतात, त्या १०० अंशांनाही सुटत नाहीत, म्हणून पुडिंगमध्ये पावाचा आकार थोडा तरी शाबूत राहतो.

एक अडचण आहे. पॅकेटमधला कारखान्याचा ब्रेड असा शिळाच होत नाही, किंवा फार उशिरा होतो. त्यात स्टार्चच्या साखळ्यांना एकमेकींजवळ येऊ न देणारे इमल्सिफायर असतात (पाकिटावर ४७१ हा आकडा शोधा), काही वेळा साखळ्या तोकड्या करणारी एन्झाइमंही. असा ब्रेड घ्यायचा तर स्लाइसचे तुकडे १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवून खरोखरच वाळवावे लागतात. हे शिळं करणं नव्हे. इथं खरंच पाणी उडतं, आणि त्या मोकळ्या जागेत नंतर दूध बसतं. वाट वेगळी, पण मुक्काम जवळपास तोच. तरी मला बेकरीचा लादीपाव बरा वाटतो, दोन दिवस जुना.

आमच्या घरी होतं ते असं : साधारण २५० ग्रॅम पाव, ५० ग्रॅम लोणी, ३ अंडी, अर्धा लिटर साय न काढलेलं दूध, पाऊण वाटीच्या आत साखर, दोन मोठी सफरचंदं, मूठभर मनुका आणि चिमूटभर दालचिनी. पावाला लोणी लावायचं, थर रचायचे, मध्ये सफरचंद आणि मनुका, वरून अंडं-दूध-साखर. मग अर्धा तास हात न लावता भिजू द्यायचं. हा अर्धा तास माझ्या घरात कुणालाच धरवत नाही.

खरं नाजूक काम अंड्याचं आहे. कच्च्या अंड्यात प्रथिनांचे रेणू लोकरीच्या गुंड्यांसारखे गुंडाळलेले असतात. उष्णतेनं ते उलगडतात, एकमेकांना चिकटतात, जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात दूध अडकतं. नुसतं अंडं साधारण ६०-६५ अंशांपासून घट्ट व्हायला लागतं. पण दुधानं ते पातळ केलेलं असतं आणि साखरही रेणूंच्या एकत्र येण्यात आडवी येते, म्हणून कस्टर्ड ८० अंशांच्या आसपास जमतं. आणखी पाच-सात अंश वर गेलं की जाळं आवळतं, दूध पिळून बाहेर टाकतं, पाणी सुटतं, जागोजाग भोकं पडतात. खरवस जास्त वेळ उकडला की जाळी पडते, तोच प्रकार. चिकाच्या दुधात प्रथिनं इतकी असतात की अंड्याशिवायच ते उष्णतेनं थिजतं; तत्त्व एकच. इराणी हॉटेलातलं कॅरमल कस्टर्ड चमच्याखाली गुळगुळीत कापलं जातं, तेव्हा ते करणाऱ्यानं या पाच-सात अंशांचा हिशेब सांभाळलेला असतो.

तो हिशेब घरी सांभाळायला पुडिंगचं भांडं मोठ्या ट्रेमध्ये ठेवून ट्रेत कढत पाणी ओतायचं. ओव्हन १६०-१७० अंशांवर असला तरी पाणी १०० च्या वर जाऊ शकत नाही, आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं म्हणून बहुतेकदा त्याच्याही खालीच राहतं. कडा जळत नाहीत, मधला भाग जमेपर्यंत वेळ मिळतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी भांडं हलकेच हलवून पाहा. मधोमध थोडंसं थरथरलं तर बाहेर काढायचं. बाहेरची उष्णता अजून आत सरकत असते, उरलेलं काम ती करते. ‘अजून पाच मिनिटं’ या मोहापायी मी दोनदा पाणी सुटलेलं पुडिंग खाल्लं आहे.

अंडं न खाणाऱ्यांसाठी कस्टर्ड पावडर आहे. ती आल्फ्रेड बर्ड या बर्मिंगहॅमच्या औषधविक्रेत्यानं १८३७ साली बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे. तिच्यात अंडं नाहीच, मक्याचा स्टार्च आहे. ती दुधात आधी शिजवून दाट करून मगच पावावर ओतावी लागते. चव बरी लागते, पण थरथर ती नाही.

सफरचंदाचं काय? इंग्लंडमध्ये शिजवायला वेगळं सफरचंद असतं, ब्रॅम्ली. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं बी पेरलं, त्यातून ते झाड आलं. पुढे घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकानं विकत घेतलं. १८५६ साली एका रोपवाटिकेवाल्यानं कलमं मागितली तेव्हा खाटकानं अट घातली : फळाला नाव माझं हवं. बी पेरणारी राहिली बाजूलाच. हे फळ इतकं आंबट की कच्चं खाववत नाही, पण शिजलं की त्याच्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि फोडींचा हलका गर होतो. पेशींना सांधून ठेवतं ते पेक्टिन, आणि उष्णतेनं ते विरघळतं.

आपल्याकडे येतं ते हिमाचल-काश्मीरचं गोड डेलिशियस. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास शिमल्याजवळच्या कोटगढला ते लावलं. त्याआधीची इंग्रजी वाणं आंबट होती, आणि आपल्याला फळ गोडच लागतं. पुडिंगमध्ये मात्र ही गोडी सपाट होते. म्हणून फोडींवर लिंबू पिळायचं, पण एक करायचं : फोडी आधी लोण्यावर परतून, लिंबू घालून, निववून घ्यायच्या. त्यानं दोन कामं होतात. सफरचंदात पाणीच ८५ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यातलं थोडं तव्यावरच उडतं आणि कस्टर्ड सैल पडत नाही. शिवाय लिंबाचा रस फोडीत मुरतो. तोच थेट दुधात पडला तर काय होतं हे पनीर करणाऱ्याला माहीत आहे. लिंबाचा तिसरा फायदा म्हणजे फोडी काळ्या पडत नाहीत. कापल्यावर हवेशी गाठ पडून फळ तपकिरी करणारं एन्झाइम आम्लात मंदावतं.

फळ बदलायचं असेल तर पिकलेली केळी, चिकू, पेअर चालतात. न शिजवलेला ताजा अननस किंवा पपई मात्र घालू नये. मटण मऊ करायला आपण कच्च्या पपईचा तुकडा लावतो, त्यातलं पपेन प्रथिनं तोडतं. अननसातलं ब्रोमेलेनही तेच करतं, आणि भिजवण्याच्या अर्ध्या तासात ते दुधा-अंड्यावर काम सुरू करतं. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करतानाच्या उष्णतेत ते एन्झाइम निकामी झालेलं असतं.

आणि मग तो वास. वरच्या थरातली पावाची टोकं दुधाच्या बाहेर राहतील अशी मुद्दाम ठेवायची. तिथलं पाणी उडालं की तापमान १०० च्या वर चढतं आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं व साखर यांची प्रक्रिया वेग घेते. लुई-कामिय मेयार यानं १९१२ साली तिचं वर्णन केलं. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, सगळ्यांचे खरपूस वास हिच्यातून येतात. पावाच्या कवचाच्या वासात एक रेणू फार महत्त्वाचा असतो, २-असिटिल-१-पायरोलीन. त्याची अगदी नाममात्र मात्राही नाकाला पुरते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुवासिक तांदळाचा अभ्यास करणाऱ्यांना बासमतीच्या वासात तोच सापडला, आणि आपल्या आंबेमोहोरातही तो असतो. ओव्हनमधला पाव आणि पातेल्यातला आंबेमोहोर दोन्ही आपल्याला एकाच पद्धतीनं स्वयंपाकघराकडे का ओढतात, याचं निदान एक उत्तर त्यात आहे. शिळ्या पावातून हा वास उडून गेलेला असतो. पुडिंग भाजताना टोकांवर तो नव्यानं तयार होतो.

बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. फुगलेलं पुडिंग या वेळात बसतं, त्याला घाबरू नये. आतली वाफ निवते, एवढंच. आमच्याकडे उरत नाही, पण उरलं तर फ्रिजमध्ये जातं आणि सकाळी त्याचा तुकडा घट्ट लागतो. पावातले स्फटिक रात्रीतून पुन्हा जमायला लागलेले असतात, लोणीही गोठलेलं असतं. तो तव्यावर थोड्या लोण्यात मंद आचेवर परतला की मऊ होतो. धाकट्याला मात्र तो थंडच लागतो, चहात बुडवून.