तुकडा, गुंठा आणि घरकुल : नियोजन धोरणातील बदलांची पार्श्वभूमी

घरबांधणी आणि स्थानिक विकास यांसाठी देशाचे नियोजन धोरण बदलावे, ही चर्चा दिल्लीत गेली अनेक वर्षे चालू आहे. जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारच्या वेशीवर मात्र तिचे रूपांतर एकाच प्रश्नात होते : ‘प्लॉट सातबाऱ्यावर चढला का?’ या प्रश्नामागे ‘तुकडा’, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून लहान जमीन, हा शब्द आहे. तो घरांसाठी योजलेला नसतानाही खानदेशातील घरबांधणीचे भवितव्य त्याने सर्वाधिक ठरवले आहे.

येथे जमिनीच्या मोजणीचा इतिहास फार सुखाचा नाही. 1852 मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत इंग्रजी मोजणीला लोकांनी उघड विरोध केला आणि तो बळाने मोडून काढण्यात आला. त्या मोजणीतून आलेले सर्व्हे नंबर आणि गावठाणाच्या हद्दी मात्र टिकल्या. 1906 मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. लोकसंख्या या काळात कित्येक पटींनी वाढली, पण बहुतेक गावांचे गावठाण जुन्या हद्दीतच अडकून पडले.

जमीन हा घटनेनुसार राज्याचा विषय असल्याने केंद्राचा मार्ग नेहमी आडवळणाचा राहिला. 1960 मध्ये राज्यांसाठी नगररचनेचा आदर्श कायदा तयार झाला, 1985 मध्ये तो सुधारला गेला. स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर होते. महाराष्ट्राचा आजचा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा 1966 चा आहे. 2005 मध्ये शहर नूतनीकरणाच्या राष्ट्रीय अभियानातून निधीला अटी जोडण्यात आल्या आणि त्यातूनच 2007 मध्ये राज्याने नागरी कमाल जमीन धारणा कायदा मागे घेतला. खानदेशच्या दृष्टीने हे सारे दुरूनच घडले, कारण त्या अभियानाच्या शहरांच्या यादीत येथील एकही शहर नव्हते. केंद्राचे धोरण येथे खऱ्या अर्थाने पोहोचले ते 2015 नंतर, पंतप्रधान आवास योजनेतील घरकुलाच्या रूपाने. त्या योजनेच्या शहरी भागात स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळतात, मात्र त्यासाठी जागा लाभार्थ्याच्या नावावर असावी लागते. गाठ पडते ती येथेच.

तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. वारसांमध्ये वाटण्या होत होत शेत इतके लहान होऊ नये की ते कसणे परवडणार नाही, हा त्याचा हेतू होता आणि त्या काळी तो योग्यच होता. त्यासाठी जिरायत, बागायत अशा जमिनीच्या प्रकारांनुसार आणि भागानुसार ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवण्यात आले. त्याहून लहान असेल तो तुकडा. लगतच्या शेतकऱ्याखेरीज इतरांना तो विकता येत नाही आणि नवा तुकडा पाडताही येत नाही. नांगरासाठी केलेली ही व्याख्या शहराच्या कडेला आल्यावर मात्र विपरीत ठरते. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. दालमिलमध्ये हमाली करणाऱ्या किंवा भुसावळला रेल्वेत कंत्राटी काम करणाऱ्या माणसाच्या घराला तेवढी जागा भरपूर होते. कायद्याच्या नजरेत ते न परवडणारे शेतच.

लोकांनी यावर आपापल्या वाटा शोधल्या. आठ-दहा जणांनी एक एकर सामाईक खरेदी करून आपसात खुणा घालून घ्यायच्या. नाहीतर नुसत्या साठेखतावर, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या करारावर, किंवा नोटरी केलेल्या कागदावर ताबा घ्यायचा. घर उभे राहते, वीज येते, घरपट्टीही भरली जाते; सातबाऱ्यावर मात्र मूळ मालकाचे नाव राहते, किंवा सगळ्यांची नावे एकाच क्षेत्राला चिकटतात. अशा वसाहतींना अनधिकृत म्हणणे सोपे आहे. परवडणारा अधिकृत प्लॉट त्या माणसांसाठी कोठे उपलब्ध होता, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरील अशा वसाहती, नियमित करण्याचा कायदा केला आणि त्याची मुदत पुढे 2020 अखेरपर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमिनीला बिनशेती परवानगीची वेगळी फेरी नको, अशीही तरतूद झाली. एवढी वाट मोकळी होत असतानाच जुलै 2021 मध्ये नोंदणी यंत्रणेने परिपत्रक काढून मंजूर लेआऊट नसलेल्या तुकड्यांचे दस्त नोंदवू नयेत, असे दुय्यम निबंधकांना कळवले. शेताचे अनियंत्रित तुकडे आणि बोगस लेआऊट थांबवणे, हे त्यामागचे कारण होते. ते खोटे नव्हते. रस्ता, गटार आणि मोकळी जागा न सोडता प्लॉट विकणाऱ्यांची येथे वाण नाही. परंतु फटका बसला तो विकणाऱ्याला नव्हे, तर आधीच पैसे देऊन बसलेल्या घेणाऱ्याला. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात खानदेशचे तिन्ही जिल्हे येतात, ते परिपत्रक आणि त्यामागचा नोंदणी नियम रद्द केला. त्यानंतरही कार्यालयागणिक वेगळी उत्तरे मिळत राहिली.

ऑगस्ट 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे असे खाली आणण्यात आले. दहा-वीस गुंठे घेणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला, एक-दोन गुंठेवाल्यांना नाही. जुने व्यवहार नियमित करण्याचे शुल्क 2024 मध्ये बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले आणि 2025 मध्ये ते माफच झाले. 15 नोव्हेंबर 1965 पासून 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे व्यवहार त्यात धरले गेले.

सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात हा वाद जवळजवळ ऐकू येत नाही. तेथे प्रश्न वनजमिनीचा आणि वनगावांना महसुली गावाचा दर्जा मिळण्याचा आहे. त्याची वाट 2006 च्या वनहक्क कायद्यातून जाते.

मैदानी भागात आता नावाचा अडसर बऱ्याच अंशी दूर होईल. बांधकाम परवानगी मात्र डिसेंबर 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतून मिळते आणि तेथे प्लॉटसमोरच्या रस्त्याची रुंदी पाहिली जाते. दहा-पंधरा फुटांची बोळ सोडून पाडलेल्या वसाहतींतील प्लॉटधारक सध्या सातबारा हातात घेऊन त्या खिडकीसमोर उभे आहेत.